शिळाछाप: दगडावर काहीही न कोरता छपाई कशी होत असे

प्रश्न असा: घरात शके १७६५च्या सुमाराची एक पोथी निघाली. अक्षर बोरूने लिहिल्यासारखे आहे, पण हुबेहूब तशीच पोथी नात्यातल्या दुसऱ्या घरीही आहे. मग ही हस्तलिखित की छापील? छापील असेल, तर तेव्हा दगडात अक्षरे कोरून छापत होते का? आणि हा प्रयोग आज शहाबादी फरशीवर करून पाहता येईल का?

पोथी छापील आहे, शिळाछाप. दोन माणसांनी लिहिलेल्या, किंवा एकानेच दोनदा लिहिलेल्या प्रती रेघेला रेघ जुळत नाहीत. आणि नाही, कोरत नसत. ‘शिळाछाप’ या शब्दामुळे छिन्नी-हातोडी डोळ्यांपुढे येते, पण छापताना दगड सपाटच असतो. अक्षराची जागा आणि कोरी जागा यांच्यात बोटाला कळेल असा उंच-सखलपणा नसतो. फरक असतो तो एवढाच की एक जागा तेलाला धरते आणि दुसरी पाण्याला. ही रीत शोधणारा आलोइस झेनेफेल्डर तिला ‘रासायनिक छपाई’ म्हणत असे, आणि ते नाव जास्त बरोबर होते.

झेनेफेल्डर १७७१ साली प्रागमध्ये जन्मला आणि म्युनिकमध्ये वाढला. नाटके लिहायचा, ती छापायला पैसे नव्हते, म्हणून स्वस्त छपाईच्या खटपटीत पडला. १७९६ साली त्याने आईच्या सांगण्यावरून धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी मेण, साबण आणि काजळीच्या शाईने घासलेल्या दगडावर लिहिली, मग त्यावर पातळ नत्राम्ल (नायट्रिक ॲसिड) ओतले. शाईखालचा दगड वाचला, आजूबाजूचा किंचित खाल्ला गेला आणि अक्षरे जराशी वर राहिली. गोष्ट सगळीकडे इथेच संपवतात, पण ही अजून उठावाचीच छपाई होती. खरा शोध १७९८च्या सुमाराचा: दगड खाऊ द्यायची गरजच नाही, डिंक आणि पाणी पुरते. पुढच्या वीसेक वर्षांत ही कला लंडन-पॅरिसला पोचली. १८१८ साली त्याने स्वतःच कृतीचा सविस्तर ग्रंथ काढला, लगेच १८१९मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. १८२०च्या दशकात कलकत्ता आणि मुंबई दोन्हीकडे शिळाप्रेस चालू झाले होते.

आता दगड. बव्हेरियातल्या झोल्नहोफेन गावाजवळचा चुनखडक या कामासाठी जगभर जात असे. जवळपास निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, कण अतिशय बारीक आणि सर्वत्र एकसारखे, आणि खाणीतून आपोआप लाद्या सुटतात. पिवळसर दगड मऊ, राखाडी-निळसर दगड कठीण. बारीक रेघेचे काम कठीण दगडावर. जाडी ५ ते १० सेंटिमीटर लागते, कारण पातळ लादी दाबाखाली तडकते. ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, ८ सेंटिमीटर जाडीचा दगड साधारण ५५ किलो भरतो. छापखान्यात हमाल का लागत, हे त्यावरून कळेल.

दगड तयार करणे हे अर्धे काम. एका दगडावर वाळू आणि पाणी घालून दुसरा दगड पालथा ठेवायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. आज वाळूऐवजी कार्बोरंडमची पूड वापरतात: आधी ८० किंवा १०० नंबर, मग १८०, शेवटी २२०. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि कडा भरपूर पाण्याने धुवायच्या. जाड पुडीचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात राहिला, तरी तो लांब ओरखडा पाडतो आणि तो ओरखडा छापून येतो. चित्रासाठी दगड किंचित खरखरीत ठेवतात, अक्षरासाठी प्युमिसच्या दगडाने गुळगुळीत करतात. सपाटी पाहायची युक्ती साधी आहे: पातळ कागदाचे कपटे जागोजागी ठेवून त्यांवर पोलादी पट्टी उभी धरायची आणि एकेक कपटा ओढायचा. सैल निघाला तिथे खड्डा आहे. मधोमध खोल झालेला दगड कडेला नीट छापतो आणि मधली अक्षरे फिकी देतो. लोक मग शाईला दोष देत बसतात. कडा कानशीने गोल करायच्या, नाहीतर त्यांवर शाई बसून पानाभोवती काळी चौकट उमटते. आणि घासलेल्या दगडाला बोट लावायचे नाही. बोटाचा तेलकटपणा आत्ता दिसत नाही, पण रूळ फिरला की अंगठ्याचा ठसा हजर होतो.

शाई. झेनेफेल्डरची पहिली कृती ३ भाग मेण, १ भाग साबण, थोडी काजळी, आणि विरघळवायला पावसाचे पाणी अशी होती. पुढे त्यात चरबी आणि लाखही आली. काजळी फक्त लिहिणाऱ्याला दिसावे म्हणून. छपाईशी तिचा संबंध नाही. काम करतात ती चरबी आणि साबण. साबणामुळे शाई पाण्यात कालवता येते आणि बोरूने किंवा कुंचल्याने लिहिता येते. पाणी पावसाचेच हवे, कारण विहिरीच्या जड पाण्यातला चुना साबणाशी आधीच जुळतो आणि शाई दाणेदार होते.

लिहायचे मात्र उलटे. छापताना आरसा होतो, म्हणून थेट दगडावर लिहिणारा उजवीकडून डावीकडे, वेलांट्या फिरवून लिहितो. यावरचा उपाय बदलीचा कागद. कागदावर खळ किंवा डिंकाचा थर द्यायचा, त्यावर त्याच शाईने नेहमीसारखे सुलटे लिहायचे, मग तो कागद दगडावर पालथा घालून प्रेसमधून काढायचा, पाठीमागून ओला करायचा. थर पाण्यात सुटतो, कागद निघून येतो, शाई दगडावर उलटी राहते. झेनेफेल्डरला आपल्या सगळ्या शोधात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटत होता, आणि आपल्याकडचा इतिहास पाहिला तर त्याचे म्हणणे पटते. चांगल्या अक्षराच्या कारकुनाला किंवा शास्त्र्याला नवीन काही शिकायला नको. तो लिहितो तसा लिहील, बाकीचे छापखाना पाहील.

यापुढची पायरी लोकांना सर्वांत कमी समजते. दगडावर डिंक आणि नत्राम्लाचे मिश्रण लावतात, आणि ते ‘दगड कोरायला’ लावतात असे वर्णन हमखास वाचायला मिळते. तसे नाही. आम्ल इथे दोन कामे करते. कोऱ्या जागी ते दगडाचा वरचा पापुद्रा साफ करते, बारीक बुडबुडे निघतात, आणि डिंकाचा एक अदृश्य थर तिथे घट्ट बसतो. तो थर धुऊन जात नाही आणि पाणी धरून ठेवतो. लिहिलेल्या जागी आम्ल शाईतल्या साबणातून चरबीची आम्ले मोकळी करते. ती दगडातल्या कॅल्शियमशी जुळून पाण्यात न विरघळणारा चुन्याचा साबण बनतो. म्हणून पुढे मूळ शाई पूर्ण धुऊन काढली तरी अक्षर दगडातच असते.

आजच्या प्रमाणात सांगायचे तर डिंकाचे खडे वजनाने १ भाग आणि पाणी सुमारे २ भाग, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळायचे. या ३० मिलिलिटर डिंकात बारीक रेघेसाठी नत्राम्लाचे ५-६ थेंब, मध्यम कामाला १०-१२, जाड कुंचल्याच्या कामाला १५ ते २०. मऊ पिवळ्या दगडाला यातले कमी, राखाडीला जास्त. आम्ल डिंकात घालायचे, उलटे नाही. हातमोजे आणि खिडकी उघडी. आधी लिहिलेल्या भागावर राळेची आणि मग शंखजिऱ्याची बारीक पूड मऊ कुंचल्याने फिरवायची. राळ आम्लाला अडवते, शंखजिऱ्याने मिश्रण शाईला चिकटून जवळ बसते. मिश्रण काही मिनिटे कुंचल्याने हलते ठेवायचे, मग जास्तीचे पुसून कापडाने घासत घासत काचेसारखा पातळ थर राहील असे वाळवायचे. जाड राहिलेला डिंक तडकतो आणि तडकताना बारीक रेघ उचलून नेतो. सुरुवातीच्या काळात पातळ आम्ल दगडावरून ओतून डिंक नंतर वेगळा लावीत. एकत्र मिश्रण जास्त हाती राहते.

दगड निदान काही तास, शक्यतो रात्रभर, तसाच ठेवायचा. मग एक पायरी येते जी पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव वर आणते. वाळलेल्या डिंकावरच टर्पेंटाइन टाकून चिंधीने घासतात आणि सगळे लिखाण नाहीसे होते. पुसट पिवळट छाया तेवढी उरते. त्यावर पातळ केलेले डांबर चोळायचे, मग पाण्याने डिंक धुवायचा, ओल्या स्पंजाने दगडावर पाण्याचा पातळ पडदा ठेवायचा आणि लगेच शाईचा रूळ फिरवायचा. छपाईची ही शाई वेगळी: जवसाचे तेल कढवून घट्ट केलेले, त्यात काजळी. रूळ लाकडी, वर फ्लॅनेल आणि त्यावर वासराचे कातडे. पुसणे, रूळ, पुसणे, रूळ, आणि अक्षर हळूहळू काळे होत वर येते. सगळे भरले की पुन्हा राळ, शंखजिरे, डिंक-आम्ल, आणि मगच खऱ्या प्रती.

प्रेसही खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, प्रेससारखा नसतो. खिळाछाप यंत्र सपाट पाट्याने सगळे पान एकदम दाबते. सपाट दगडावर तसा दाब पुरेसा लागत नाही आणि लावला तर दगड फुटतो. म्हणून दगडावर ओला कागद, त्यावर मऊ कागदाची गादी, त्यावर चरबी लावलेले ताणलेले कातडे, आणि वरून लाकडाची धारदार पट्टी, कडेला कातडे लावलेली. पट्टी जागीच दाबून धरतात आणि दगड तिच्याखालून ओढून नेतात. सगळा दाब एका वेळी केसाएवढ्या रेघेवर येतो. पट्टीला बारीकशी खाच पडली तर छापाच्या लांबीभर एक फिकी रेघ येते, प्रत्येक प्रतीवर त्याच जागी. दगडाखाली वाळूचा खडा राहिला तर दगडाचे दोन तुकडे होतात, आणि त्याला इलाज नाही.

बिघाड बहुतेक प्रेसचे नसतात, पाण्याचे आणि डिंकाचे असतात. देवनागरीत ते कसे दिसतात ते जवळून पाहा. सर्वांत नेहमीचा म्हणजे गाठी बुजणे. ‘भ’, ‘म’, ‘थ’, ‘ध’ यांच्या गाठीतली टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी जागा काळी होते. कारण दगड सुकला, किंवा शाई सैल आहे, किंवा आम्ल कमी पडले. मुंबईच्या मे महिन्यात पुसलेला दगड काही क्षणांत सुकू लागतो आणि उष्म्याने शाईही सैल होते, म्हणजे दोन्ही कारणे एकदम. शाई घट्ट करायची, थर पातळ लावायचा, पुसणारा आणि रूळ फिरवणारा अशी दोन माणसे ठेवायची. गाठी बुजू लागल्याबरोबर थांबून डिंक लावून दगडाला विसावा द्यायचा. आणखी दहा प्रती काढून बघू म्हटले की पान गेले.

उलट बाजूचा बिघाड अनुस्वाराचा. आम्ल जास्त झाले की आधी टिंबे जातात, मग मात्रेचे टोक, मग रेफाची शेपटी. जुन्या लिखाणात ‘घरें’, ‘केलें’ असा अनुस्वार व्याकरणासाठी लागत असे, त्यामुळे तो गेला की वाक्याचे लिंग-वचन डळमळते. पोथीत काही पानांवर अनुस्वार आहेत आणि काहींवर नाहीत, म्हणून लेखकाला अशुद्ध ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावे. टिंब नेहमीच आम्लाने जाते असेही नाही. छापून थांबताना दगडावर डिंक फासतात. घाईत तो कमी शाईच्या अक्षरावर बसला आणि वाळला तर अक्षर आंधळे होते, म्हणजे जागेवर असूनही शाई घेत नाही. अशा वेळी पाण्याने डिंक काढून, टर्पेंटाइन आणि डांबर चोळून, पुन्हा रूळ फिरवला तर बरेचदा परत येते. आम्लाने गेलेले परत येत नाही. दोन्हींत फरक ओळखता येणे हीच छापणाऱ्याची खरी विद्या.

कोऱ्या जागी राखाडी मळ चढतो तो बहुधा घाणेरड्या स्पंजामुळे, किंवा धुण्याच्या पाण्यात साबण गेल्यामुळे. आपल्या हवेत डिंकही पटकन आंबतो; दोन दिवसांचा डिंक स्वतःच आम्ल झालेला असतो आणि थेंबांचा हिशेब चुकतो. वास घेऊन पाहायचा आणि रोज लागेल तेवढाच भिजवायचा. पावसाळ्यात दगड ओला ठेवणे सोपे जाते, पण डिंक वाळत नाही आणि घाई करणारा फसतो.

चूक दुरुस्त करायची तर अक्षर धारदार पात्याने खरवडतात. पण खरवडलेल्या जागी नवीन अक्षर लिहिले तर ते धरत नाही, कारण आजूबाजूचा डिंकाचा थर चरबीला दगडापर्यंत पोचू देत नाही. आधी पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून दगड पुन्हा चरबीला ‘जागा’ करावा लागतो, धुवावा लागतो, मग लिहायचे आणि तेवढ्या भागाला पुन्हा डिंक-आम्ल द्यायचे. जुन्या पुस्तकांत समासात लिहिलेल्या दुरुस्त्या दिसतात त्यामागे हा खटाटोप टाळणे असावे.

महाराष्ट्रात हे तंत्र एवढे का रुजले, याचे कारण खिळ्यांत आहे. रोमन लिपीला लहान-मोठी अक्षरे आणि चिन्हे मिळून शंभर-सव्वाशे खिळे पुरतात. बालबोधला, म्हणजे देवनागरीला, जोडाक्षरे, काने, मात्रा धरून कित्येक पट लागतात, आणि प्रत्येकाचा पोलादी ठसा आधी कापावा लागतो. मोडी तर हात न उचलता लिहायची लिपी. बंगालातल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीने मोडीचे खिळे पाडून १८१०चा मराठी कोश छापला खरा, पण खिळ्यांची मोडी वाहती दिसत नाही. त्याआधी १८०५ साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. तिथे खरोखर कोरणे होते, उलटे आणि एकेक अक्षर. शिळाछापाने दोन्ही अडचणी एका फटक्यात काढल्या. मुंबईत सरकारी शिळाछापखान्याबरोबर खासगी उद्योगही उभा राहिला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पंचांगाची निवड चाणाक्ष होती: कोष्टके, आकडे, राशींच्या चौकटी, हे खिळ्यांत जुळवायला जिकिरीचे आणि हाताने लिहायला सोपे. शिवाय गिऱ्हाईक दरवर्षी परत येणारे. पुढे त्यांनी खिळेही पाडले, कारण लांबलचक गद्य ग्रंथाला खिळेच परवडतात.

पोथीची खात्री करायची तर दहापटीचे भिंग घ्या. खिळाछाप असेल तर अक्षराच्या कडेला शाई दाबून आल्याची गडद किनार दिसते आणि पानाच्या पाठीवर बोट फिरवले तर उठाव लागतो. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापले असेल तर शाई कागदावर किंचित उभी असते, पानाभोवती पत्र्याच्या कडेचा दाब असतो. शिळाछाप सपाट: कडेला किनार नाही, पाठीला उठाव नाही, काळेपणा पानभर एकसारखा. हस्तलिखितात बोरू शाईत बुडवला तिथे गडद आणि पुढे फिके होत जाते. शिळाछापात तो चढ-उतार दिसत नाही. एकाच ओळीतले दोन ‘क’ वेगळे, पण दोन प्रतींतला तोच ‘क’ सारखा, ही सर्वांत पक्की खूण. अक्षरांभोवती पिवळट तेलकट वलय असेल तर तेही छापाच्या शाईतल्या जवसाच्या तेलाचे. पाण्याचा थेंब टाकून पाहू नका. अंदाज चुकून हस्तलिखित निघाले तर काजळीची शाई फिसकटेल.

शहाबादी फरशीचे म्हणाल तर ती चुनखडकच आहे, कडप्पाही. व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की बारीक बुडबुडे येतील. आपल्या काळ्या बेसाल्टवर काही होणार नाही, म्हणून सह्याद्रीचा दगड या कामाचा नाही. पण फरशीत मातीचे, वाळूचे थर आणि शिरा असतात, त्या डिंक वेगळा धरतात आणि छापात पट्टे उमटतात. कडप्पावर काळ्या शाईचे लिखाण दिसतही नाही, म्हणून फिकी शहाबादी घ्या, पॉलिश न केलेली, शीर नसलेला २० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा, मिळेल तेवढा जाड. वर सांगितल्याप्रमाणे २२० पर्यंत घासा, जाड रेघेने चार-पाच मोठी अक्षरे लिहा, डिंकात ८ थेंबांपासून सुरुवात करा. पट्टीच्या प्रेसखाली फरशी घालू नका, तडकेल. पातळ ओलसर कागद ठेवून लाकडी पळीच्या पाठीने घट्ट घासलेत तर छाप मिळतो. झाल्यावर फरशी परत घासा आणि पुन्हा लिहा. छापखान्यांतही हेच होई, म्हणून त्या काळच्या पोथ्या मिळतात आणि ज्यांवरून त्या छापल्या ते लिहिलेले दगड सहसा मिळत नाहीत.